गाडी छान आहे, फक्त वळत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या दालनाचे मालक, व्यासपीठावर बसलेले कंपनीचे विभागीय अधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते आपले सर्व्हिस मॅनेजर साहेब, त्यांच्या शेजारी बसून आत्तापासूनच डोळे पुसणाऱ्या वहिनी, वर्कशॉपमधली मेकॅनिक मंडळी, गाड्या धुणारी मंडळी, विक्री विभागातले टाय लावलेले आणि आज सुटले म्हणून टाय न लावलेले तरुण मित्र, माझ्यासारखे गिऱ्हाईक-बंधू आणि भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई. त्यांचा उल्लेख वेगळा केला नाही तर घरी गेल्यावर मला दुसरं भाषण ऐकावं लागेल. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी आत्ता जिथे उभी आहे तिथे एरवी दालनातली सगळ्यात महाग गाडी उभी असते. आज तिला ढकलून कोपऱ्यात नेलंय आणि दिव्यांच्या झोतात मला उभं केलंय. इतका मोठा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. मघाशी समारंभाची कल्पना नसलेले एक गृहस्थ आत आले, त्यांनी मला समोरून बघितलं, बाजूने बघितलं, आणि काही न विचारता निघून गेले. परवडत नसावं.

ग्राहकांच्या वतीने चार शब्द बोला, असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी विचारलं, “अहो, तुमची एवढी समाधानी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना सोडून मला का?” पलीकडून उत्तर आलं, “बाई, समाधानी गिऱ्हाइकाकडे सांगण्यासारखं काय असतं?” आणि मालकांनी स्वतः निरोप पाठवला की जे झालं ते सगळं सांगा, माझ्यासकट. मालक, आता माघार नाही. तुमचा निरोप सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनीही ऐकलाय, आणि ऐकू येण्याचं यंत्र त्या दिवशी नेमकं चालू होतं.

थोडं माझ्याबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द म्हणताना माझ्या निम्म्या पेशंटची जीभ अडखळते, म्हणून ते मला व्यायामवाल्या बाई म्हणतात. काहीजण छळवाल्या बाई म्हणतात, पण ते मी दाराबाहेर पडल्यावर. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी मी जाते. कुणाचं मोडलेलं हाड जुळून आलेलं असतं, कुणाची एक बाजू लुळी पडलेली असते. माझ्या धंद्याचं भांडवल म्हणजे दोन हात, एक चटई आणि एक गाडी. गाडी याच दालनातून घेतली. नवी कोरी, पिवळी धमक. पिवळी का? तर आई म्हणाल्या, “पांढऱ्या गाड्यांत आपली पांढरी शोधत मी उन्हात फिरणार नाही. लांबून ओळखू आली पाहिजे.”

ओळखू येतच होती. पुढे तर अख्ख्या गल्लीला ऐकूही आली.

झालं असं, की एका दुपारी मी एका पेशंटकडे पोचले. ते गणिताचे शिक्षक. उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. त्यांच्या घराला लागून एक छोटं सभागृह आहे. मी त्याच्यासमोर गाडी लावत होते, तेवढ्यात हॉर्नला हात लागला आणि हॉर्न वाजला. वाजला तो वाजतच राहिला. किल्ली काढली, वाजतोय. खाली उतरले, दार लावलं, वाजतोय. लोक खिडक्यांत आले. आणि मंडळी, त्या सभागृहात शोकसभा चालू होती.

आतले वक्ते बोलायचे थांबले. एकेक माणूस बाहेर येऊ लागला. एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाल्या, “तुमचंही दुःख मोठं दिसतंय.”

मी काय करायला हवं होतं? इथल्या हेल्पलाइनला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाजूला संगीत वाजत होतं, माझ्या बाजूला हॉर्न. शेवटी कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन धावत आला. त्याने कुठेतरी हात घातला, घासली गेलेली एक वायर शोधली, तिच्यावर काळी टेप गुंडाळली, आणि जगात शांतता पसरली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, नाहीतर त्या दिवशी वाजल्या असत्या.

विषय संपला असं मला वाटलं. काही आठवडे गेले. एके दिवशी आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. आई मागे बसतात आणि मागून गाडी चालवतात, हे त्यांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको. उतारावर डावीकडे वळायचं होतं. मी स्टिअरिंग फिरवलं, तर ते फिरेना. दगडासारखं घट्ट. दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरून बसलंय असं वाटलं. मी दोन्ही हातांनी जोर केला, सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला, आणि रस्ता डावीकडे गेला तरी आम्ही सरळ गेलो. समोर रोपवाटिका होती. कुंड्यांची पहिली रांग फुटली, दुसरी फुटली, तिसरीपाशी गाडी थांबली. झारी घेऊन उभा असलेला माळी बाजूला उडी मारून जमिनीवर पडला होता. मला वाटलं, गेला. तो उठून कपडे झटकायला लागला तेव्हा कुठे मी दार उघडून खाली उतरले.

मागून आईंचा आवाज आला, “आपल्याला इकडे यायचं होतं का?”

हसा तुम्ही. आम्हीही आता हसतो. त्या दिवशी घरी गेल्यावर दोघींनाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून इथे आणली. वॉरंटी होती, मग काळजी कसली? काउंटरवर एक टायवाले तरुण होते. त्यांनी गाडी आत नेली, बाहेर आले, आणि पोराची इयत्ता विचारणाऱ्या पाहुण्यासारखं गोड हसून म्हणाले, “मॅडम, बाहेर काम करून घेतलंय ना?”

मी म्हटलं, “हॉर्नचं. एका वायरला टेप लावलीय.”

“ती टेप आमची नाही.”

“नाहीच. तुमची असती तर तुमचा फोन उचलला गेला असता.”

“मॅडम, बाहेरचा हात लागला की वॉरंटी जाते.”

“हॉर्नची जाईल. स्टिअरिंगची का?”

“हॉर्नचं बटण कुठे असतं मॅडम? स्टिअरिंगवर.”

शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली म्हणून आपल्याला पकडायचं, कारण भिंत एक! मी आवाज चढवला. आवाज ऐकून मालक आले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की नियम म्हणजे नियम.

मी म्हटलं, “मालक, माझ्याकडे पेशंट येतो, खांदा दुखतो म्हणतो. त्याने आदल्या दिवशी न्हाव्याकडे केस कापून घेतले होते. डोकं आणि खांदा एकाच मानेला जोडलेले आहेत. तर मी त्याला परत पाठवू का, की जा बाबा, बाहेरचा हात लागलाय?”

मालक म्हणाले, “बाई, माणसाला वॉरंटी नसते.”

उत्तर चांगलं होतं. मी गाडी इथेच टाकून तणतणत घरी गेले.

पण आई गेल्या नाहीत. म्हणजे त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं विणकाम पिशवीत घालून बसने इथे आल्या आणि समोर तो करडा सोफा आहे ना, त्यावर येऊन बसल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, “आजी, काय काम आहे?” आई म्हणाल्या, “गाडी दुरुस्त व्हायची वाट बघतेय.” आता गाडी दुरुस्तीला घेतलेलीच नव्हती, पण वाट बघायला कोण अडवणार? रोज येऊन बसायला लागल्या. भांडण नाही, तक्रार नाही. कॉफी दिली तर घ्यायच्या, कप स्वतः नेऊन ठेवायच्या. फक्त कुणी नवं गिऱ्हाईक शेजारी येऊन बसलं आणि आपणहून विचारलं की “आजी, तुमच्याकडे कुठली गाडी? कशी आहे?” तर खरं उत्तर द्यायच्या.

“गाडी छान आहे हो. एसी छान आहे. सीट तर इतक्या मऊ, की मला झोप लागते. फक्त वळत नाही.”

काय? हो आई, “रंगही छान आहे” असंही म्हणायच्या. बरोबर.

मालकांनी मला फोन केला. म्हणाले, “तुमच्या सासूबाईंना समजवा.” मी म्हटलं, “मालक, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ती युक्ती सापडली तर तुम्हालाही कळवीन.”

या सगळ्या काळात आपले साहेब कुठे होते? ते रजेवर होते, मुलीकडे गेले होते. ते परत आले त्या सकाळी मी आईंना न्यायला इथे आले होते. साहेब सोफ्यापाशी आले, आईंना नमस्कार केला, आमचं सगळं म्हणणं उभ्याने ऐकून घेतलं, आणि एकच शब्द बोलले, “बघू.”

आता आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी या सभेला सांगायला हवं का? नको असलेल्या स्थळाला आपण ‘बघू’ म्हणतो. उसनं मागणाऱ्याला ‘बघू’ म्हणतो. पगारवाढ मागणाऱ्याला तर... नाही मालक, मी कुणाकडेही बघत नाहीये. मी आईंना म्हटलं, “चला, विणकाम गुंडाळा. इथे आता काही होत नाही.”

आई म्हणाल्या, “अगं, तो गेला बघायला.”

आणि खरोखर, काचेपलीकडे साहेब कोट काढून माझ्या गाडीत शिरत होते.

तासाभराने बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, “मॅडम, वरून काही कळत नाही. स्टिअरिंगची मोटर काढून उघडावी लागेल. उद्या उघडतो, तुमच्यासमोर. पण एक आधीच सांगतो. टेप लावलेल्या वायरीमुळे बिघाड झालाय असं निघालं, तर खर्च तुमचा, आणि तसं मी तुम्हाला तोंडावर सांगेन. नाही निघालं, तर तेही तोंडावर सांगेन, मग समोर कुणी का असेना.”

त्या रात्री मी जरा घाबरलेच होते. भांडताना माणसाला आपण बरोबर आहोत याची खात्री असते. तपासायची वेळ आली की तो वॉरंटीचा कागद परत परत वाचत बसतो. आईंनी विचारलं, “आणि चूक त्या टेपचीच निघाली तर?” मी म्हटलं, “तर तुम्हाला उद्यापासून घरी बसून विणावं लागेल.” त्या म्हणाल्या, “मग नकोच निघायला. सोफा चांगला आहे.”

इकडे मालक आणि साहेब यांच्यात काय बोलणं झालं, ते मला नंतर कळलं. मालक म्हणाले, “उघडायचं कशाला? उघडलं की आपण अर्धं कबूल केल्यासारखं होतं.” साहेब म्हणाले, “मालक, न उघडता मला ‘हो’ म्हणता येत नाही, तसं ‘नाही’पण म्हणता येत नाही.” बरोबर ना मालक? मान हलवताहेत. आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. मी, आई, मालक, टायवाले तरुण आणि दोन मेकॅनिक, आम्ही सगळे भोवती उभे. माझ्या ओळखीचं दृश्य होतं ते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक जसे उभे असतात तसे. फक्त इथे आत येऊ दिलं होतं. साहेबांनी पहिल्यांदा वायरी दाखवल्या. स्वच्छ, धडधाकट, कुठे जळल्याची खूण नाही. मग मोटरचं झाकण काढलं. स्टिअरिंग हलकं करायला आत एक छोटं दातेरी चाक असतं. त्याचे दात होते कुठे? निम्म्या दातांचा भुगा झाला होता, आणि एक मोठा तुकडा नेमका मधे अडकून बसला होता.

साहेबांनी तो तुकडा चिमट्याने उचलून फडक्यावर ठेवला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमच्या टेपचा याच्याशी काही संबंध नाही. चाकच कच्चं निघालंय. वॉरंटी लागू आहे.”

आईंनी विचारलं, “म्हणजे आम्ही जिंकलो का?”

माझी गोष्ट इथे संपली असती तर आज मी एवढंच म्हटलं असतं की साहेब सज्जन आहेत, आणि खाली बसले असते. सज्जन माणसं पुष्कळ असतात हो. निरोप समारंभात तर सगळेच असतात. पण त्यानंतर जे झालं त्यासाठी मी आज इथे उभी आहे.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “बाई, झालं गेलं विसरा. तुमची गाडी आम्ही लगेच करून देतो, संध्याकाळपर्यंत. सदिच्छा म्हणून. फक्त बाहेर कुठे चर्चा नको.” मला तर देव पावला. माझे पेशंट खोळंबले होते. आपले गणिताचे शिक्षक नुकते काठी धरून उभे राहायला लागले होते. अशा वेळी व्यायामात खंड पडला की कमावलेलं सगळं परत जातं. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब दारात आले. म्हणाले, “मॅडम, जरा यार्डात येता का? मालक, तुम्हीही या.”

यार्डात गिऱ्हाइकाला द्यायची एक नवी गाडी उभी होती. माझ्याच गाडीच्या खेपेतली. साहेब आत बसले, गाडी चालू केली आणि म्हणाले, “कान देऊन ऐका.” त्यांनी स्टिअरिंग हळूहळू डावीकडे नेलं. कर्र... दाताखाली वाळू यावी तसा आवाज. दुरुस्त झालेली माणसं आणि दुरुस्त व्हायची माणसं सांध्याच्या आवाजावरून ओळखणं हे माझं काम आहे. मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

साहेब म्हणाले, “ही गाडी अजून विकलेली नाही. हिला बाहेरचा हात लागलेला नाही. हिचा हॉर्न कुणी एकदासुद्धा वाजवलेला नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, मालक म्हणतात तसं केलं तर तुमची गाडी आज संध्याकाळी मिळेल. पण मग ती मेहेरबानी ठरेल, आणि या खेपेतल्या बाकीच्या गाड्या रस्त्यावर तशाच फिरत राहतील. त्या परत बोलवायच्या तर तुमचा बिघाड हा कंपनीचा दोष म्हणून वर कळवावा लागेल. कंपनीचा माणूस येईल, बघेल, तोवर तुमची गाडी इथून हलवता येणार नाही. वेळ लागेल. ठरवायचं तुम्ही.”

मालक भडकले. अध्यक्षांचा मान ठेवून मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगत नाही. गोषवारा असा होता की नोकरी कुणाची आहे याचा विसर पडलाय का. साहेबांचा चेहरा पडला. त्या वेळी मुलीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, घराचे हप्ते चालू, हे मला नंतर वहिनींकडून समजलं. पण ते जागचे हलले नाहीत. मी आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघतेस? त्या माळ्याला विचार.”

मी म्हटलं, “साहेब, कळवा वर.”

मालक रागारागाने आत निघाले. साहेबांनी तिथेच खिशातून फोन काढला. मालकांना वाटलं, कंपनीला लावताहेत. मलाही तसंच वाटलं. पण साहेब फोनवर म्हणाले, “ताई, मी वर्कशॉपमधून बोलतोय. तुमची गाडी आज बाहेर काढू नका. नाही, शाळेतून मुलांना आणायलासुद्धा नको. दुसरी गाडी पाठवतो.”

मालक दारातच थांबले. “कुणाला फोन केलात?”

“तुमच्या सूनबाईंना, मालक. त्यांची गाडी याच खेपेतली आहे.”

मंडळी, मी पुष्कळ माणसांना पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहताना बघितलंय. त्यात एक क्षण असतो, जेव्हा माणूस सगळा आधार सोडतो आणि पडतो की राहतो हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. मालक त्या दारात तसे उभे होते. मग म्हणाले, “बाकी कुणाकुणाच्या आहेत?” साहेब म्हणाले, “काढतो.” मालक म्हणाले, “काढत बसू नका. फोन करायला माणसं लावा. मीही बसतो.” आणि बसले. हेल्पलाइनचं ते संगीत त्या दिवशी बंद होतं. मालक स्वतः बोलत होते. लोकांना खरं वाटेना, काहींना वाटलं विम्याचा फोन आहे, म्हणून ठेवून दिला. मालकांनी परत लावला.

मालक, यासाठी टाळ्या तुम्हाला. वाजवा हो, वाजवा.

कंपनीने काय केलं? कंपनीने आधी कंपन्या करतात तेच केलं. साहेबांना खुलासा विचारला, बोलावून घेतलं, तासन्‌तास बसवून ठेवलं. पण शेवटी माणूस पाठवला, त्याने तीन गाड्या उघडल्या, आणि खेपेतल्या सगळ्या गाड्यांची ती दातेरी चाकं बदलून दिली. तो माणूस आज विभागीय अधिकारी म्हणून व्यासपीठावर बसलाय. मघाशी ते मला म्हणाले, “बाई, माझं जरा सांभाळून घ्या.” सांभाळलंय, साहेब. तुम्ही चहा तीनदा मागितलात, ते मी सांगितलेलं नाही.

आणि गाडी नसताना माझे पेशंट? त्याची गोष्ट वेगळीच. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात एक स्कूटर येऊन उभी राहिली. डोक्याला हेल्मेट, पदर कमरेला खोचलेला. म्हणाल्या, “मी सर्व्हिस मॅनेजरांची बायको. बसा मागे. यांच्यामुळे तुमचं काम अडलंय म्हणे.” मी म्हटलं, “अहो वहिनी, यांच्यामुळे नाही, यांच्यामुळे तर...” त्या म्हणाल्या, “ते नंतर. चटई घट्ट धरा.” माझी गाडी परत मिळेपर्यंत ही बाई मला दारोदार घेऊन फिरली. मी आत पेशंटला व्यायाम देत असे, त्या बाहेर त्याच्या बायकोशी गप्पा मारत असत. असं होता होता आमची मैत्री कधी झाली ते कळलंच नाही. गणिताचे शिक्षक अंगणापर्यंत पहिल्यांदा चालत आले ते वहिनींची स्कूटर कुठली आहे ते बघायला. माझ्या शब्दाने नाही आले, मंडळी. स्कूटर बघायला आले.

त्यानंतर इथे एक पद्धत पडली. आता कुणालाही ‘वॉरंटी लागू नाही’ म्हणायचं असेल तर आधी त्याच्यासमोर उघडायचं, दाखवायचं, आणि मग म्हणायचं. कधीकधी चूक गिऱ्हाइकाची निघते. परवाच एका गृहस्थांनी इंजिनात काय ओतलं होतं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही. ते भांडायला आले होते, माफी मागून गेले. आणि ही पद्धत सगळ्यात काटेकोरपणे कोण पाळतं? तेच काउंटरवरचे टायवाले तरुण. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत तेच बसणार आहेत. मला भाषणाला बोलावलं तेही त्यांनीच. अभिनंदन! टाय सैल करा, उद्यापासून गाडीखाली शिरायचंय.

आता शेवटचं. एकदा साहेबांच्या घरी मी त्यांना विचारलं होतं, “तुम्ही एवढी जोखीम का घेतलीत? माझी गाडी तर मिळतच होती. गिऱ्हाईक खूश, मालक खूश.” साहेब असं काही बोलायचं म्हटलं की चष्मा पुसायला लागतात. आत्ताही पुसताहेत बघा. म्हणाले, “बाई, तुमच्याकडे वॉरंटी होती. तुम्ही येऊन भांडू शकत होतात. पण आपण सोडलेली गाडी रस्त्याने कुणाच्यातरी समोरून येत असते. त्या समोरच्या माणसाने आपल्याकडून काही घेतलेलं नसतं. तो कुठल्या काउंटरवर जाऊन भांडणार?”

मी चहाचा कप उचलून आत ठेवायला गेले.

साहेब, या दालनातली गिऱ्हाइकं तुम्हाला रस्त्यात ओळखतील, थांबवतील, गाडीतून कसला आवाज येतो ते विचारतील. तुमची सुटका नाही. पण ज्यांना त्या खेपेतल्या एखाद्या गाडीसमोरून एका वळणावर रस्ता ओलांडायचा होता, आणि ज्यांनी तो नेहमीसारखा ओलांडला, ते तुम्हाला कधीच ओळखणार नाहीत. भाजीची पिशवी सांभाळत, फोनवर बोलत, तुमच्या शेजारून निघून जातील. आपल्याला काही झालं नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नसेल. त्यांच्यापैकी कुणीही आज इथे येऊ शकलेलं नाही. म्हणून मघाशी मी खोटं बोलले. मी ग्राहकांच्या वतीने आलेलीच नाही. मी त्यांच्या वतीने आले आहे, आणि त्यांच्या वतीने तुमचे आभार मानते.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, ऐकून घेतल्याबद्दल आपणा सगळ्यांचे, आणि फक्त एकदाच मधे बोलल्याबद्दल आईंचे मी मनापासून ऋण मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर घरचंच माणूस बोललं असं समजून पोटात घाला. वहिनी, रुमाल ठेवा आता. पुढचा कार्यक्रम जेवणाचा आहे.

नमस्कार.